जाळरेषेला वाट समजल्यावर: अंजनेरी-वैतरणा पट्ट्यातल्या एका सायकल-उताराचं प्रकरण

प्रकरण एका उताराचं आहे. लांबी ९०० मीटर, उंचीतला फरक १५० मीटर, म्हणजे सरासरी १७ टक्के उतार. नाशिकच्या पश्चिमेला अंजनेरीची रांग आणि अप्पर वैतरणा जलाशय यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात एका सोंडेवरून तो खाली भातखाचरांपर्यंत येतो. गावाचं नाव आणि गट नंबर मुद्दाम दिलेले नाहीत. का, ते पुढे येईलच.

हिवाळ्यात शहरातल्या माउंटन बाइकवाल्यांना उपग्रह नकाशावर या सोंडेवर एक फिकट, सरळ पट्टा दिसला. तीन-चार मीटर रुंद, पठाराच्या काठापासून थेट गायरानाच्या टोकापर्यंत. जुनी वाट असणार असं धरून सायकली त्यावरून उतरल्या, मार्गाची जीपीएक्स फाइल तयार झाली आणि एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली. उन्हाळा संपेपर्यंत सुटीच्या दिवशी त्या पट्ट्यावरून चाकं जात राहिली. मग पाऊस लागला.

पावसाळा सरल्यावर खालच्या ३०० मीटरमध्ये पट्ट्याच्या मधोमध ओघळ पडलेला होता. सरासरी ६० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर खोल, एके ठिकाणी तर मांडीपर्यंत पाय आत जाईल इतका. हिशेब केला तर ४५ घनमीटर माल वाहून गेला. ब्रासमध्ये सांगायचं तर १६ ब्रास, म्हणजे ट्रॅक्टरच्या साधारण १६ ट्रॉल्या. तो माल हवेत विरत नाही. आवणी होऊन गेलेल्या दोन खाचरांचे बांध फुटले, रोपं मुरमाखाली गेली आणि उरलेला मुरूम ओहोळात जाऊन बसला.

सायकलवाल्यांच्या लक्षात आलं ते एवढंच, की वाट ‘खराब’ झाली. ओघळ टाळायला ते दोन्ही बाजूंनी जाऊ लागले, पट्टा पाच-सहा मीटर रुंद झाला. त्यातच एकाचं पुढचं चाक ओघळाच्या काठावरून आत घसरलं आणि गळपट्टीचं हाड मोडलं. दुसऱ्या आठवड्यात गावाने पट्ट्याच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली. शहरात त्याचा अर्थ ‘गाव विरोधात आहे’ असा लावला गेला. खरं तर त्या उतारावर करण्यासारखं पहिलं काम तेच होतं आणि ते गावानेच केलं.

पट्टा कसला होता

ती जाळरेषा होती. वणव्याच्या दिवसांआधी वनहद्दीवर गवत कापून किंवा जाळून मोकळा पट्टा ठेवतात, आग एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ नये म्हणून. इथे एका बाजूला वन, दुसऱ्या बाजूला गायरान आणि मधून ही रेषा. हद्द जशी जाते तशी जाळरेषा जाते. उताराशी, पाण्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. उपग्रहातून मात्र ती हुबेहूब वाटेसारखी दिसते.

ओळखायची खूण सोपी आहे. गुरांनी आणि माणसांनी पाडलेली वाट डोंगरावर सहसा सरळ चढत नाही. ती वळते, मोठ्या दगडाला वळसा घालते, झाडाखाली रुंदावते, पाणवठ्याकडे फाटे फोडते. नकाशावर एखादी रेषा समोच्चरेषांना काटकोनात छेदत दोनशे-तीनशे मीटर सरळ जात असेल, तर ती जाळरेषा, विजेच्या तारांखालची साफ केलेली पट्टी किंवा जमिनीची हद्द असते. सायकल घेऊन जाण्याआधी एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात.

गावातल्या बैठकीत खरा वाद इथेच होता. सायकलवाल्यांचं म्हणणं, पाऊस सगळीकडेच माती धुतो. गावाचं म्हणणं, जाळरेषा वर्षानुवर्षं आहे, ओघळ याच वर्षी पडला. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींना जोडणारी गोष्ट ब्रेकमध्ये सापडते.

जाळरेषेवरचं गवत वरून कापलं किंवा जाळलं तरी मुळं जमिनीत राहतात. मुरमाच्या वर एक पातळ, घट्ट बसलेला पापुद्रा असतो. पावसाचं पाणी त्यावरून पसरट वाहतं, फारसं काही उचलत नाही. १७ टक्क्यांच्या सुट्या मुरमावर सायकल थांबवायची तर मागचं चाक जॅम होतंच. जॅम झालेलं चाक पापुद्रा फाडतं, मुळं उपटतं आणि एक चाकोरी सोडतं. चाकोरी दोन-तीन सेंटिमीटर खोल असली तरी पुरे. पसरट वाहणारं पाणी तिच्यात गोळा होतं आणि गोळा झालेल्या पाण्याला खोली मिळते, वेग मिळतो. पुढचं काम पाणीच करतं.

आकड्यांत पाहू. सायकल, स्वार आणि सामान मिळून ८५ किलो धरले तर १५० मीटर उतरताना सुमारे १२५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. खडबडीत जमिनीवर चाकांच्या घर्षणात त्यातली थोडी जाते, बाकीची ब्रेकमध्ये. सरळ पट्ट्यावरून ताशी १२ किलोमीटरने उतरलं तर साडेचार मिनिटं ब्रेक सतत ३८० वॅटच्या आसपास उष्णता झेलतात. त्याच डोंगरावरून १,९०० मीटर लांबीच्या वळणावळणाच्या वाटेने ताशी १८ किलोमीटरने उतरलं, म्हणजे वेग दीडपट ठेवूनही, हा आकडा २०० वॅटवर येतो. ब्रेक पॅड, डिस्क, हाताची बोटं आणि डोंगराची कातडी, चौघांनाही दुसरा आकडा मानवतो.

पाणी आत कुठून आलं

खरं उत्तर सापडलं पठाराच्या काठावर, पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला. तिथे काठाने बसक्या दगडांची नैसर्गिक आड होती. पठारावरचं पाणी त्या दगडांना अडून शंभरेक पावलांवरच्या नाळेकडे वळत असे. सायकल सरळ खाली घालता यावी म्हणून कोणीतरी तिथले तीन दगड बाजूला सारून फट केली होती. ते दगड तिथेच दोन हातांवर पडलेले होते. खालची बाजू अजून मातकट, वरची शेवाळलेली.

त्या फटीकडे पठाराचा साधारण अर्धा एकर भाग उतरतो. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडला (या पट्ट्यात जुलैत ते नवल नाही, नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, इगतपुरीकडे सरकलं की त्याच्या तिप्पट-चौपट), तर अर्ध्या एकरावर सेकंदाला २८ लिटर पाणी येतं. कातळावर मातीचा थर वीतभरही नाही, त्यामुळे त्यातलं ७० टक्के तरी वाहून निघतं. म्हणजे सेकंदाला २० लिटर, आणि सर सुरू असेपर्यंत ते १७ टक्क्यांच्या चाकोरीत. तीन दगड हलवल्याची ही किंमत.

या प्रकरणातून एकच गोष्ट उचलायची तर ती ही: डोंगरी वाटेची पाहणी वरून सुरू करावी, पाणी जिथे वाटेत शिरतं तिथून. बहुतेक गट खड्डा दिसतो तिथे थांबतात, फोटो काढतात, खड्ड्यात दगड भरतात. पुढच्या पावसात ते दगड दहा मीटर खाली सापडतात.

डोंगर कसा बसलेला आहे

नाशिकच्या पश्चिमेचे डोंगर बेसाल्टचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांचे. थरावर थर बसलेले असल्याने उभा छेद जिन्यासारखा दिसतो: एक सपाट पायरी, मग कडा, मग पुन्हा पायरी. किल्ल्यांच्या माच्या याच पायऱ्यांवर वसल्या. सायकलसाठी पायरी उत्तम असते. उघडा कातळ, मधेमधे मातीचे वाफे, उतार दोन ते सहा टक्के, आणि कातळावर चाकाने काही झिजत नाही. अडचण दोन पायऱ्यांमधल्या कड्याची. तो कुठे ओलांडायचा हे एकदा ठरलं की अर्धी वाट ठरली.

ती जागा नकाशावर क्वचितच दिसते. गुराख्यांना मात्र ठाऊक असते. दगड कोसळून उतार थोडा मवाळ झालेला असतो, अशा ठिकाणी गुरं तिरकी उतरतात. त्या वाटेवर पाय ठेवला की जाणवतं, की जनावर पोटात ओझं घेऊन उतरत असल्याने त्याला तीव्र उतार नकोच असतो. इथेही सोंडेच्या दक्षिण अंगाला अशी वाट होती. लांबी १,९०० मीटर, तेच १५० मीटर उतरणारी, सरासरी आठ टक्क्यांच्या आत. जाळरेषेपासून तिचं वरचं तोंड जेमतेम दोनशे मीटरवर. ती कोणाला दिसली नव्हती, कारण उपग्रह नकाशावर ती करवंदीच्या जाळ्यांखाली झाकलेली आहे.

वाट कितपत टिकेल हे तपासायला जगभर वापरला जाणारा ठोकताळा इथेही लागू पडतो. वाटेचा उतार त्या ठिकाणच्या डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, आणि एकूण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास थांबावी. डोंगराचा उतार ३४ टक्के असेल तर वाट १७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यापुढे पाणी वाट ओलांडून खाली जायचं सोडून वाटेनेच जायला लागतं. जाळरेषेवर वाटेचा उतार आणि डोंगराचा उतार एकच होता, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला बाजूच नव्हती. गुरांच्या वाटेवर डोंगर ३० ते ३५ टक्के आणि वाट आठ. फक्त दोन ठिकाणी दहा-बारा मीटरचा २२ टक्क्यांचा टप्पा आहे, पण तो सलग कातळावर, त्यामुळे चालतो.

मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. पाणलोटाची कामं झालेल्या गावात ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर असतोच आणि तो वापरणारे हातही असतात. समतल चर आखणाऱ्या माणसाला ‘इथे किती उतार’ हे विचारलं की तो डोळ्याने सांगतो आणि यंत्र त्यालाच दुजोरा देतं. फोनमधल्या जीपीएसच्या उंचीवर विसंबू नये. डोंगराच्या कुशीत ती सहज दहा-वीस मीटर इकडेतिकडे जाते आणि शंभर मीटरच्या टप्प्यावर तेवढ्याने उताराचा आकडा निरर्थक होतो.

परवानगीचा भाग

इथे घाई करणारे गट फसतात. वहिवाटीच्या पायवाटेवरून जाणं आणि वनजमिनीत कुदळ मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राखीव वनात नवी वाट काढणं, झाड-झुडूप तोडणं, माती उकरणं हे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्ह्यात मोडतं. हेतू चांगला होता हा बचाव चालत नाही. शिवाय नाशिकच्या परिसरात बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीवर गिधाडं आहेत आणि जगात फार थोड्या जागी उरलेली एक कंदीलपुष्पाची जात आहे. अशा क्षेत्रात सायकलवाटेचा विषयच काढू नये.

या प्रकरणात क्रम असा राहिला. आधी महाभूनकाशावरून (जमिनीच्या गटांचा सरकारी ऑनलाइन नकाशा) गट ओळखले, मग तलाठ्याकडून सातबारा पाहून गायरान कुठे संपतं आणि वन कुठे सुरू होतं ते नक्की केलं. गुरांच्या वाटेचा वरचा सुमारे २५० मीटरचा तुकडा वनात निघाला, बाकी सगळी गायरानात. गायरानातल्या कामासाठी ग्रामपंचायतीची संमती घेतली, तीही ग्रामसभेत विषय मांडून. त्र्यंबकेश्वर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेच्या म्हणण्याला वजन आहे आणि तसंही ज्यांची गुरं त्या वाटेने जातात त्यांना विचारल्याशिवाय काही करणं वेडेपणाचं. वनातल्या तुकड्यात सायकलवाल्यांनी काहीच केलं नाही. तिथलं जे थोडं काम होतं ते वनरक्षकाच्या देखरेखीखाली संयुक्त वन व्यवस्थापन समितीने आपल्या नेहमीच्या कामात धरलं, मजुरीसकट. मजुरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शहरातून आलेल्यांनी ‘श्रमदान’ म्हणून एक दिवस माती उपसायची आणि गावाने पुढची दहा वर्षं फुकट निगा राखायची, असा हिशेब कोणी मांडला तर बैठक तिथेच उठते.

गावाच्या अटी चार होत्या. खाचरांची भरपाई आधी. गवत कापून होईपर्यंत सायकल नाही. सकाळी गुरं वर जाताना आणि संध्याकाळी उतरताना वाट गुरांची. आणि जीपीएक्स कुठेही टाकायची नाही. शेवटच्या अटीमुळे इथे नाव नाही.

काम

पहिलं काम छोटंच: तीन दगड परत काठावर. फक्त ठेवले नाहीत. खालची माती उकरून, रुंद बाजू खाली करून, मागून बारीक दगडांची पाचर मारून बसवले. दगड उचलताना हातमोजे आणि पहार हवीच. या उतारांवर दगडाखाली फुरसं असतं. दगडाची पलीकडची कड धरून आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे खाली जे असेल त्याला पलीकडे निघून जायला वाट राहते आणि मध्ये दगड असतो. अलीकडची कड उचलली की तोंड आपल्या पायांकडे उघडतं.

ओघळासाठी अनगड दगडी बांध घातले, पण सगळीकडे नाही. नियम असा, की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला यावा. १४ टक्के उतारावर ४० सेंटिमीटर उंचीचे बांध घालायचे तर दर पावणेतीन-तीन मीटरला एक, म्हणजे ३०० मीटरला शंभरावर बांध. एवढा दगड जवळपास नव्हता आणि वरचं पाणी तोडल्यावर त्याची गरजही उरली नाही. सर्वांत खोल ६० मीटरमध्येच बांध घातले. प्रत्येक बांध मध्ये खोलगट ठेवला, दोन्ही टोकं काठात वीत-दीड वीत घुसवली. मध्ये फुगीर बांधला की पाणी कडेने शिरतं आणि ओघळ रुंद होतो. ही चूक पाणलोटाच्या कामांतही नेहमी दिसते. उरलेल्या पट्ट्यावर करवंदी-बाभळीचा काटेरी पाला आडवा पसरला. तो माती धरतो आणि सायकलही अडवतो. जाळरेषा म्हणून साफ करायची वेळ येईल तेव्हा तो समितीच उचलणार, हे आधीच ठरवून घेतलं, नाहीतर वणव्याला सरपण आपणच पुरवलं असं होईल.

गुरांच्या वाटेवर नवं काही बांधलं नाही. तिचा दोष एकच होता: खुरांनी मधला भाग खोल होऊन बाहेरच्या बाजूला वरंबा उभा राहिला होता, त्यामुळे आलेलं पाणी वाटेतच अडकून पुढे जायचं. मातीच्या टप्प्यांत तो वरंबा छाटला आणि वाटेचा तळ बाहेरच्या बाजूला पाच टक्के कलता केला, मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर. शिवाय चढण्याआधी थोडी उतरेल अशी सात ठिकाणं तयार केली. प्रत्येकाची लांबी पाच मीटर, पुढचा उंचवटा १५ ते २० सेंटिमीटर, सखल बिंदूला बाहेर पडणारं तोंड मीटरभर रुंद, तोंडाशी दगडांची फरसबंदी. कुदळ, फावडं, घमेलं आणि दोन माणसं असली की अशा एका ठिकाणाला साधारण दीड तास लागतो.

इथे लाकडी ओंडका किंवा दगडांची रांग तिरकी पुरून पाणी वळवायची पद्धत का वापरली नाही, हे विचारलं जातं. सायकलवाटेवर ती टिकत नाही. ओल्या ओंडक्यावर चाक तिरकं गेलं की घसरतं, म्हणून स्वार बाजूने जातो, बाजूने नवी चाकोरी पडते आणि पाणी तिथून निसटतं. वर गाळ साचून ओंडका वर्षभरात निकामी होतो तो वेगळाच. लांबट, मवाळ उंचवट्यावरून गुरं, माणसं, सायकली, सगळे न अडखळता जातात आणि कोणाला बाजूने जावंसं वाटत नाही.

दोन तीव्र वळणांवर माती छाटली नाही. आतल्या बाजूला गुडघाभर उंचीचे दगड ठेवले. वळणाचा आतला कोपरा कापून सरळ उतरायचा मोह सगळ्यांना होतो आणि जाळरेषेची गोष्ट छोट्या प्रमाणात तिथे पुन्हा सुरू होते.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर वाट बंद. त्यानंतर तारीख बघून ठरवू नये, माती बघून ठरवावं. मातीच्या टप्प्यावरची चिमूट-दोन चिमूट माती घेऊन तळहातावर वळी करायची. तीन मिलिमीटर जाडीपर्यंत ती न तुटता वळली तर माती अजून ओली आहे. चाकाखाली ती दबणार आणि चाकोरी पडणार. त्याआधीच तुकडे पडले तर जायला हरकत नाही. निव्वळ मुरमाची वळी होतच नाही. तिथे बुटाची टाच रोवून पाहायची, सेंटिमीटरपेक्षा जास्त रुतली तर परत फिरायचं. पायथ्याच्या पाणंदीत काळी माती आहे. ती ओली असताना शंभर मीटरही सायकल चालत नाही. चाक आणि फोर्कच्या मध्ये लपका अडकतो, मागे डिरेलियर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढला जाऊन त्याला धरणारा हँगर वाकतो.

गवत कापून झाल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून, फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्याआधी कमरेइतक्या गवतात दगड दिसत नाहीत, आणि गवत हे कोणाचं तरी वर्षाचं वैरणीचं पीक असतं, ते तुडवायचं नाही. कुसळं मोज्यांतून आत जातात हा त्यापुढे किरकोळ त्रास. मार्चपासून मुरूम सुटतो, टायरखाली खडे घरंगळतात, वणव्याची भीती असते. जानेवारीनंतर पठारावर पाणी मिळत नाही, तीन लिटर बरोबर हवं. संध्याकाळी पाचच्या आत खाली यायचं. बिबट्याचा हा इलाका आहे आणि गुरं उतरायची वेळही तीच. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली थांबू नये, मोठ्याने ओरडू नये.

गुरं समोरून आली तर उतरून वाटेच्या खालच्या बाजूला उभं राहायचं. वरच्या बाजूला उभं राहिलं की बुजलेलं जनावर खाली, दरीकडे उडी घेतं. धनगराचा कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. उतरून सायकल मध्ये धरायची आणि मालकाच्या हाकेची वाट पाहायची.

सायकल आणि चढ

याबद्दल थोडंच. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल), पुढे १०० ते १२० मिलिमीटरचा फोर्क, २९ इंची चाक आणि २.३५ रुंदीचा टायर इथे पुरतो. ट्यूबलेस नसेल तर येऊ नये. बोर, बाभूळ, हेकळ यांचे काटे ट्यूबला सोडत नाहीत, आणि ट्यूब असताना हवा कमी ठेवली तर बेसाल्टच्या कडेवर चाक आपटून ती दोन ठिकाणी चिरते. ७० किलोच्या स्वाराला ट्यूबलेसमध्ये पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआय. सीलंट (टायरमधला, भोक आपोआप बुजवणारा द्रव) दर टायरला ९० ते १०० मिलिलिटर. नाशिकच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, टायर हलवून आत डुचमळतं का हे पाहत राहावं. काटा रुतलेला दिसला तर उपटू नये, टायरलगत मोडावा. घरी गेल्यावर काढावा. सीलंटने बुजत नाही तो टायरच्या बाजूला कातळाने केलेला काप. त्यासाठी टायरचा तुकडा किंवा जाड पॅच, आणि एक ट्यूब पिशवीत हवीच. डिरेलियरचा हँगर आपल्याच मॉडेलचा, सुटा, कायम बरोबर. बसवलेला वाकला आणि सुटा जवळ असला तर पाच मिनिटांचं काम आहे, नसला तर सायकल खांद्यावर.

चढाबद्दल एक हिशेब, कारण इथे नवखे निराश होतात. पुढे ३२ आणि मागे ५१ दात्यांचा सर्वांत हलका गिअर लावला तर पायडलच्या एका फेऱ्यात २९ इंची सायकल सुमारे १.४४ मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे म्हणजे ताशी सहा किलोमीटर. १५ टक्क्यांच्या मुरमावर एवढ्या वेगाला ८५ किलोच्या एकूण वजनाने २५० वॅट लागतात. ते फार थोड्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त जमतं. त्यापेक्षा तीव्र चढावर उतरून ढकलावं, त्यात कमीपणा नाही. फिरत्या मागच्या चाकाने मुरूम उकरत चढण्यापेक्षा वाटेला ते बरं.

अपघात झाल्यास १०८ ला फोन लागेल अशी जागा पठारावर एकच आहे, काठावरच्या उंबराजवळ. खाली घळीत रेंज नाही. रुग्णवाहिका पाणंदीच्या तोंडापर्यंतच येते. गळपट्टीच्या त्या अपघातात दीड किलोमीटर चालत यावं लागलं, हात झोळीत बांधून. पायाचं हाड मोडलं असतं तर डोलीला चार माणसं आणि एक तास लागला असता. म्हणून तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये, आणि निघताना गावात कोणाला तरी सांगून निघावं.

अजून राहिलेलं

पहिल्या पावसानंतर सातपैकी पाच सखल तोंडं साफ राहिली. दोन ठिकाणी गाळ साचून पाणी उंचवट्यावरून पुढे गेलं. दोन्ही ठिकाणी कारण एकच निघालं: तोंडापुढचा उतार फार कमी होता, पाणी बाहेर पडून लगेच थांबायचं आणि गाळ तिथेच टाकायचं. तोंड दोन मीटर पुढे, जिथे डोंगर खाली मोडतो तिथवर न्यायला हवं होतं. ते मेमध्ये, पावसाच्या आत करायचं काम आहे, फावड्याने वर्षातून एकदा गाळ काढण्यासोबत.

ओघळातल्या बांधांमागे माती धरली आहे आणि तिच्यात गवत आलं आहे. खाचरांचे बांध दुरुस्त झाले, पण ओहोळात बसलेला मुरूम अजून तिथेच आहे. तो काढण्याचा खर्च कोणी करायचा, हे ठरलेलं नाही.

जुनी जीपीएक्स हा उरलेला त्रास. ती ज्यांच्या फोनमध्ये गेली ती गेली. सायकल-ॲपवर त्या उताराचा टप्पा नोंदवलेला आहे, त्यावर कोण किती वेळात उतरलं याच्या याद्या लागतात आणि मुंबई-पुण्याहून आलेले गट अजून काठावर येऊन काटेरी पाला बाजूला करतात. ॲपमध्ये टप्पा धोकादायक म्हणून नोंदवण्याची सोय असते. तसं झालं की याद्या दिसेनाशा होतात आणि कमी वेळाची नोंद करायला येणारे कमी होतात. ज्यांनी तो टप्पा आधी तयार केला त्यांनी स्वतः काढून टाकणं हा त्याहून सरळ उपाय. काठावर आता गावाने लावलेली एक पाटी आहे, तीनच शब्दांची: जाळरेषा, वाट नाही.